फुंकायची पाळी

१२ सप्टेंबर

ठके,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने लिहीत बसत नाही. "आत्या, हल्ली पत्रं कोण लिहितं, फोन उचलत जा ना," असं तू रागावून लिहिलंयस, आणि तेही पत्रातच. मला हसू आलं. फोनवर मला सुचत नाही ग. तू तिकडून भराभर विचारतेस, इकडे मी शब्द जुळवेपर्यंत तुझा पुढचा प्रश्न येऊन थडकतो. पत्राचं कसं, एक ओळ लिहिली, जरा थांबलं, बाहेर बघितलं, मग दुसरी. मला ते मानवतं.

लिहायला बसले ते तुझ्या बापाबद्दल. नाक मुरडू नकोस, पुढे वाच. त्याचा खोकला वाढलाय. सकाळी कारखान्याच्या मागच्या दाराशी उभा राहतो आणि असा खोकतो, की समोरची शिंपीण म्हणते, "मला आता गजराचं घड्याळ लागत नाही." खोकून झालं की लगेच सिगरेट. मी म्हटलं, अरे, आगीत तेल कशाला ओततोस? तर म्हणतो, "अक्का, भुसा गेलाय घशात. सुताराच्या घशात भुसा नाही जायचा तर काय गुलाबपाणी जाईल?" जन्मभर लाकूड, वर सिगरेट. छातीचं काही निघालं तर काय करायचं, या विचाराने माझा जीव टांगणीला लागलाय. डॉक्टरचं नाव काढलं की रंधा हातात घेतो आणि इतक्या जोरात चालवतो की माझं बोलणं ऐकूच जाऊ नये.

तू त्याला एक ओळ लिही. चार वर्षं झाली तुमच्या अबोल्याला. तुझा हात त्याच्याहून चांगला होता, म्हणूनच तू दुसऱ्याच्या कारखान्यात गेलीस ते त्याला लागलं. तो तुझी चौकशी करत नाही असं तुला वाटतं. तुझं पत्र आलं की विचारतो, "पाकीट वाटेत फाटलं-बिटलं नाही ना?" ती चौकशीच आहे. त्याला एवढीच येते.

मी मजेत. नवीन सोय केली आहे: खिडकीतून दोरीला टोपली सोडते, भाजीवाली भरून देते, मी वर ओढते. म्हणजे तीच अर्धी ढकलते. कशाला उगाच जिना चढ-उतर करायची? आणि जिन्याच्या वळणावरच्या खिडकीत मी हल्ली थोडा वेळ उभी राहते. गल्लीत कोणाचं काय चाललंय ते सगळं कळतं. इतकी वर्षं नुसतीच धावत वर जात होते, वेडी.

तुझी आत्या

३० सप्टेंबर

ठके,

तू त्याला लिहिलं नाहीस. बरं. तुम्ही दोघं एकाच लाकडाची, मध्ये मी कशाला करवत घालू?

पण मी एक युक्ती केली आहे, ती ऐक. छातीच्या इस्पितळात नाव घातलं, ते माझं. त्याला म्हटलं, "मला छाती दाखवायची आहे, एकटीला भीती वाटते. सोबत येशील?" काय सांगू तुला! स्वतःसाठी जो दाराबाहेर पाऊल टाकत नाही, त्याने कारागिरांना सुट्टी द्यायची ठरवली, इस्त्रीचा सदरा काढून ठेवला आणि मला म्हणतो, "कधीपासून होतंय? बोलली का नाहीस?" मला आतून हसू फुटत होतं, वरून मी केविलवाणा चेहरा केला. डॉक्टरांपुढे बसलो की मी सांगणार, पेशंट मी नाही, हा आहे. मग पळून दाखव म्हणावं.

तू माझ्या खोकल्याचं विचारलंयस. अग, तो जुना. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय, वय झालं, थंडी बाधते. ते लाल औषध देतात, गोड असतं, मी घेते. "दम लागतो का" म्हणजे काय? या वयात कोणाला लागत नाही? शिंपिणीलाही लागतो, आणि ती माझ्याहून लहान आहे. जाड आहे म्हणा.

तुझी आत्या

६ ऑक्टोबर

ठके,

काल जाऊन आलो. सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला नको.

लांबलचक बोळासारखी खोली, दोन्ही भिंतींना बाकडी, आणि त्यांवर खोकणारी माणसं. एकाने सुरू केलं की दुसरा साथ देतो. तुझा बाप इतका घाबरला होता की त्याला स्वतःला खोकायचं सुचेना. मला पाणी आणून दे, माझी पिशवी धर, असं चाललं होतं त्याचं. आमचं नाव पुकारलं. बोळाच्या टोकाला डॉक्टरांची खोली. मी उठून तिथवर गेले आणि खुर्चीत बसले. डॉक्टरीण तरुण आहे, केस कापलेले, बोलते हळू पण बघते घारीसारखी. मी लगेच म्हटलं, "बाई, मला काही झालेलं नाही. हा माझा भाऊ. याला तपासा."

तुझा बाप माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याला बाजारात विकलं.

डॉक्टरीण हसली. म्हणाली, "दोघांना तपासते की. पण आजी, तुम्ही आत्ता ते वाक्य तीनदा थांबून म्हणालात."

"चालून आले ना," मी म्हटलं.

"बोळातूनच आलात," ती म्हणाली.

मग तिने जे प्रश्न सुरू केले! सिगरेट किती, कधीपासून? खोकला कोरडा की कफ पडतो? सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडता का? अंघोळ करताना, कपडे घालताना दम लागतो का? लहानपणी दमा होता का? छातीत दुखतं का, पाय सुजतात का, वजन घटलं का? याला विचारलं की मी उत्तर देत होते, आणि मला विचारलं की हा. मी "नाही" म्हणायची, हा म्हणायचा, "अक्का, खरं सांग, चादर झटकताना तू पलंगावर बसतेस." मला माहीतच नव्हतं की हा बघतो म्हणून.

मग तिने मला विचारलं, "स्वयंपाक कशावर करता?"

म्हटलं, आता गॅसवर. पण तुझी आई गेल्यावर तुला सांभाळायला मी या घरात आले, तेव्हापासून पार तू शाळा संपवेपर्यंत कारखान्याच्या मागच्या खोलीत शेगडीच होती. भुसा ठासून भरायचा, वर ढलप्या, प्लायचे तुकडे, रंग लागलेल्या फळ्या, जे उरेल ते. सगळ्या कारागिरांचं जेवण तिच्यावर. धूर कुठून जायचा, तिने विचारलं. म्हटलं, दारातून, त्याच्या मर्जीने.

तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "आजी, मग तुम्हीही सिगरेट ओढलीच की. फक्त काडी तुम्ही पेटवली नाही." मी म्हटलं, काडी मीच पेटवायची, रोज सकाळी. त्यावर ती हसली नाही.

नंतर यंत्राची खोली. तिथली बाई म्हणजे तोफ! एवढीशी आहे, पण आवाज फलाटावरच्या हमालासारखा. नाकाला चिमटा लावते, तोंडात पुठ्ठ्याची नळी देते, म्हणते, "छाती भरून श्वास घ्या, आणि आता फुंका! जोरात! थांबू नका, आणखी, आणखी, आणखी, सगळा संपवा!" तुझ्या बापाने असं फुंकलं की तिने पाठीवर थाप मारली. मी त्याच्यामागे उभी राहून "आणखी, आणखी" ओरडत होते, तर मलाच खोकला आला.

मग माझी पाळी. मी तिला म्हटलं, बाई, फुंकणीवर जन्म गेलाय माझा, मला नका शिकवू. नळी तोंडात घेतली, फुंकलं. ती ओरडतेय "आणखी", पण आतून हवा यायला तयार नाही. म्हणजे हवा आहे, ठके, आत आहे, मला कळतंय, पण ती निघतच नाही, दारात गर्दी झाल्यासारखी. पुन्हा फुंकायला लावलं, मग पुन्हा. मग पंपातून औषध ओढायला दिलं, बाकावर बसवून ठेवलं आणि परत तेच. बोटाला चिमटा लावला, छातीचा फोटो काढला, कफ तपासायला घेतला.

तर निकाल असा: तुझ्या बापाची छाती अजून शाबूत आहे! डॉक्टरीण त्याला म्हणाली, "लॉटरी लागल्यासारखं हसू नका. यंत्राला दिसलं नाही म्हणजे काही झालं नाही असं नसतं. सिगरेट आजच सोडा." पण माझ्या जिवावरचं ओझं उतरलं बघ. मी तिथल्या तिथे तिचे हात धरले.

माझंही थोडं काहीतरी निघालं. वयाप्रमाणे असतं. औषध दिलंय.

घरी येताना तुझा बाप माझी पिशवी छातीशी धरून खाली बघत चालला. मला वाटलं, फसवलं म्हणून रागावला. काल संध्याकाळपासून कारखान्यात बसलाय, पण रंध्याचा आवाज नाही की हातोडीचा नाही.

तुझी आत्या

२ नोव्हेंबर

ठके,

"थोडं काहीतरी म्हणजे नक्की काय, त्या रोगाचं नाव लिही," असं तू विचारलंस. नाव इंग्रजीत आहे, लांब आहे. मला लिहिता येत नाही.

बरी आहे. पंप कपाटात ठेवलाय. लागला तर घेईन. आपल्या गल्लीच्या टोकाला त्या पेंटरच्या आईला पंप दिला आणि पुढच्याच महिन्यात ती गेली. एकदा पंप लागला की सुटत नाही म्हणतात, आणि मला अजून बरंच काम आहे. दुकानदारांची मोठी मागणी आलीय, कारागीर वाढलेत, त्यांच्या जेवणाचं मीच बघते. थंडी पडायला लागलीय. जरा सर्दी झालीय, एवढंच.

तुझा बाप सिगरेट ओढत नाही. खरंच. त्याऐवजी लवंगा चावतो आणि सगळ्यांवर खेकसतो. काल म्हणाला, "ठकीला कळवलंस का?" मी म्हटलं, सगळं कळवलं. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

आज एवढंच. हात दुखतो.

आत्या

२४ नोव्हेंबर
छातीचं इस्पितळ, बायकांचा कक्ष

ठके,

अक्षर ओळखलं असशील. अक्का सांगते आहे आणि मी लिहितो आहे. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा आहे, तो बाजूला करून एक-एक वाक्य सांगते. तिने बजावलंय की ती सांगेल तेवढंच लिहायचं. कंसातलं माझं.

"लाडके ठके, मी मजेत आहे."

(मजेत नाही. सर्दी छातीत उतरली. शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती, ओठ निळे झाले होते, आणि मला हाताने खुणावत होती की कारागिरांचा भात उतरव.)

"दोन दिवस हवापालट म्हणून इथे आले आहे. जेवण बेचव आहे, पण माणसं चांगली आहेत."

(जेवत नाही. दोन घास घेते, दम लागतो, थांबते.)

"तू काळजी करू नकोस आणि कामाचा खाडा करून धावत येऊ नकोस."

(हे मी लिहिलं, कारण तिने कागद बघायला मागितला. चष्मा घरी राहिलाय, म्हणून कंसातलं तिला वाचता आलं नाही.)

"डॉक्टरीणबाई म्हणते, लवकर घरी सोडू."

(डॉक्टरीणबाई काय म्हणाली ते मी सांगतो. पहिल्याच तपासणीत सगळं कळलं होतं. फुप्फुसातल्या नळ्या आत सुजून अरुंद झाल्यात, हवा आत जाते पण पूर्ण बाहेर येत नाही. दम्याच्या माणसाला पंप दिला की बहुतेक वेळा यंत्रावरचा आकडा चांगला वर येतो, हिचा जेमतेम हलला. म्हणजे दमा नव्हे, आणि वय तर नव्हेच. फोटोत, कफात दुसरं काही निघालं नाही, हृदयही ठीक. म्हणून त्यांनी पक्कं सांगितलं. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं टिकवता येतं. त्यासाठी पंप रोज घ्यायचा असतो, लागला तर नव्हे. मी तिला रोज विचारत होतो, घेतलास का? ती रोज हो म्हणत होती. शुक्रवारी कपाट उघडलं तर खोकं फोडलेलंही नव्हतं.)

"तुझा बाप काय एवढं लांबलचक लिहितो आहे कळत नाही. मी तर चार-पाचच वाक्यं सांगितली."

(ती तुला फोन करत नाही, त्याचं कारणही सांगतो. फोनवर तुला तिचा श्वास ऐकू आला असता.)

"आता सही कर, म्हणावं आत्याचे आशीर्वाद."

(ठके, ती डोळे मिटून पडली आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. यंत्राच्या खोलीत मी फुंकलं तेव्हा ती मागे उभी राहून ओरडत होती, माझ्यासाठी. आणि तिच्या पाळीला मी बघितलं, ती लालबुंद होईस्तोवर फुंकत होती आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ वर चढेना, लगेच आडवी पडली. त्या दिवशी घरी येऊन मला काही सुचेना. तिला दुसऱ्या कुणाचं पटत नाही, माझं तर नाहीच. तुझं पटेल. माझ्यावर राग असेल तर असू दे. राग धरूनच ये, पण ये.)

बाबा

१९ जानेवारी

ठके,

तिकडे परत सुखरूप पोचलीस, बरं झालं. घर रिकामं वाटतं, हे खरं सांगते. मी तुला वचन दिलंय ना, आता खोटं लिहायचं नाही. फार जड जातं. सवयीचा परिणाम.

तर खरं असं: काल जिना चढले. वळणावर थांबले, कारण दम लागला. तू शिकवलंस तसे ओठ आवळून, शिटी वाजवल्यासारखा, हळूहळू श्वास सोडला. मग वर आले. पंप सकाळ-संध्याकाळ घेते. तुझा बाप समोर उभा राहतो आणि दोन्ही डोळे माझ्यावर रोखून म्हणतो, "आता ओढ. धर. सोडू नकोस. आता सोड." यंत्रवाल्या बाईला सांगितलं पाहिजे, तुम्हाला सुट्टी हवी असेल तर माणूस तयार आहे.

ठके, पंपाने मी मेले नाही. उलट अंघोळ एका दमात होते आता. पेंटरच्या आईचं मी डॉक्टरीणबाईला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, त्यांना पंप फार उशिरा मिळाला, पंपामुळे त्या गेल्या नाहीत." एवढं साधं होतं, आणि मी त्याच्या भीतीने खोकं फोडलं नाही.

तिला मी स्पष्टच विचारलं, किती वर्षं? तुझ्यासमोर विचारलं नव्हतं. ती म्हणाली, ते यंत्र सांगत नाही, मीही सांगणार नाही. पण हळू हळू खाली जायचं की धपकन, ते पुष्कळसं तुमच्या हातात आहे. व्यायामाच्या वर्गाला घातलंय. आम्ही सगळी म्हातारी एका दालनात गोल गोल चालतो, दमलो की खुर्चीत बसतो, पुन्हा चालतो. एक निवृत्त पोलीस आहे, तो कायम माझ्या मागे असतो. त्याला म्हटलं, आयुष्यभर लोकांच्या मागे धावलात, आता माझ्या मागे? तो इतका हसला की त्याला खोकला आला आणि आम्हाला दोघांना ओरडा बसला.

मागच्या खोलीचं काम पुरं झालं. तू मोजमाप घेतलं होतंस तशीच खिडकी बसली, वरचं धुराडंही. जेवण करायला नवी बाई ठेवलीय, गॅसवर करते आणि खिडकी उघडी ठेवते. मी खुर्चीत बसून चुका काढते. चूक सापडत नाही, हे दुःख आहे.

तुम्ही दोघं ती खिडकी करत होता तेव्हा मी वरून बघत होते. आल्या दिवशी तू त्याच्याशी बोलली नाहीस, तो तुझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "चौकट अर्धा इंच जास्त घे." तू म्हणालीस, "नको, लाकूड फुगेल." तो म्हणाला, "कोरडं आहे." तू म्हणालीस, "हात लावून बघा." त्याने हात लावून बघितला आणि म्हणाला, "फुगेल." मी डोळे पुसले आणि खाली चहा पाठवला. चार वर्षांचं भांडण अर्ध्या इंचात मिटलं, आणि दोघांपैकी एकानेही ते मिटलं असं कबूल केलं नाही.

आता आणखी एक खरं. काल जेवताना तो म्हणाला, "अक्का, ठकीला विचार, पुन्हा कधी येणार आणि किती दिवस राहणार." मी म्हटलं, तूच विचार, आता तर फोनही उचलतोस तिचा. तो ताटात बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी विचारलं आणि ती नाही म्हणाली तर?"

साठी उलटली त्याची. हातात एवढी ताकद आहे की ओंडका एकटा उचलतो. आणि एका पोरीच्या "नाही"ला घाबरतो.

म्हणून मी विचारत नाही, ठके. सांगते. सुट्टी मिळाली की ये. यायचं तिकीट काढ, परतीचं काढू नकोस. ते आपण इथे तिघं बसून ठरवू.

आत्या